सुमो बघायचाय, पण बसायचं कुठे?

धाकटा भाऊ टोकियोत निशी-कासाईला राहतो. त्याच्या जिवावर आमच्या जपानच्या दोन वाऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा र्योगोकूच्या कोकुगिकानात, म्हणजे तिथल्या सुमोच्या स्टेडियममध्ये, सुमो पाहिला. पहिल्यांदा खालच्या खणात, म्हणजे मासु-सेकीत, बायको आणि दोन पोरांबरोबर. दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावर खुर्चीत, तेव्हा आई-बाबाही होते. आता ओळखीतलं कुणी जपानला निघालं की एकच विचारतं, खण घेऊ की खुर्ची?

जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोत असतात, पंधरा दिवस चालतात, हे सगळं तुम्ही काढलंच असणार. आखाड्याला लागून असलेल्या तामारी-सेकीचा विचार पोरं बरोबर असतील तर सोडून द्या. तिथे 16 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, खाणंपिणं नाही, फोटो नाहीत. वर एखादा दीडशे किलोचा गडी अंगावर आलाच तर ती आपली जबाबदारी.

खणाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण पहिला तासभर मी खरंच हरखून गेलो होतो. दोन पैलवान एकमेकांवर आदळतात तेव्हा होणारा आवाज टीव्हीवर कळत नाही. ओल्या गोणपाटावर दांडा हाणावा तसा तो येतो आणि पाठोपाठ अख्ख्या हॉलमधून ‘ओऽ’ उठतं. पैलवान जाण्यायेण्याच्या वाटेजवळ खण मिळाला तर केसांना लावलेल्या बिन्त्सुके तेलाचा गोडसर वास येतो. धाकटी म्हणाली, ‘बाबा, हे लोक पावडर लावतात का?’ तिचं अगदीच चूक नव्हतं.

आणि मांडी घालून बसायचं म्हटल्यावर मी निर्धास्त होतो. पंगतीत जेवलेली माणसं आपण. गोऱ्या लोकांना खण अवघड जातो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते आपल्याला लागू नाही असं मी बायकोला ठणकावून सांगितलं होतं.

आता खण म्हणजे काय ते ऐका. चार चौकोनी गाद्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की संपला खण. भोवती लोखंडी नळीचं बुटकं कुंपण. त्यात चार माणसं, चार कोट, दोन पिशव्या, जेवणाचे डबे. पंगतीत पाठीमागे भिंत असते, नाहीतर निदान अर्ध्या तासात उठायचं तरी असतं. इथे आम्ही दोनच्या सुमाराला जाऊन बसलो आणि सहा वाजता उठलो. पाय पसरायचा तर पुढच्याच्या पाठीत. टेकायचं तर नळीला, आणि ती बरोबर बरगडीत येते.

तरी नुसतं पाय दुखले एवढ्यावर मी खणाला नावं ठेवली नसती. दुखणं सहन होतं. माझी खरी तक्रार सुमोच्या चालीशी निगडित आहे. वरच्या गटातल्या कुस्तीला तयारीसाठी चार मिनिटांपर्यंत वेळ असतो. त्यात मीठ फेकणं, पाय आपटणं, एकमेकांकडे रोखून बघणं, परत कोपऱ्यात जाणं. आणि प्रत्यक्ष कुस्ती? कित्येकदा पाच सेकंद, कधी दोनच. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग मातीला टेकला किंवा 4.55 मीटरच्या रिंगणाबाहेर पाय पडला की खलास. चीतपटपर्यंत वाट बघायची सोयच नाही. म्हणजे दिवसभरात जे बघायला आपण पैसे मोजले ते सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं असेल, आणि तेही सुटं सुटं.

आमच्या बाबतीत झालं असं. शेवटची कुस्ती, योकोझुनाची, म्हणजे सर्वोच्च पदाच्या पैलवानाची. जाहिरातदारांचे झेंडे आखाड्यावर फिरून गेले, हॉल तापला. थोरल्याच्या पायाला सणकून मुंग्या आल्या आणि तो ‘पाय, पाय’ करत कण्हायला लागला. मी खाली वाकून त्याचा घोटा चोळत होतो. ‘ओऽ’ ऐकून मान वर केली तर एक जण मातीत आणि दुसरा हात खाली सोडून उभा. कुणी काय डाव केला, काही कळलं नाही. ते रात्री हॉटेलवर फोनवर बघितलं.

त्या एका कारणाने दुसऱ्या वेळी खुर्ची घेतली.

वरून दिसतं लांबून, हे मान्य. दुर्बीण लागते, आणि मागच्या रांगांतून पैलवान ओळखायचे म्हणजे कमरेच्या रेशमी मावाशीच्या, म्हणजे लंगोटाच्या, रंगावरूनच. तेलाचा वास अर्थातच येत नाही. पण आखाडा पूर्ण दिसतो, पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही, आणि पंचाच्या पवित्र्यापासून कडेला बसलेल्या काळ्या पोशाखातल्या परीक्षकांपर्यंत सगळं चित्र एका नजरेत मावतं. बाबा कोल्हापूरचे, खासबाग मैदानात वाढलेले. तिथे उतरत्या पायऱ्यांवर कुठेही बसा, हौदा दिसतोच. वर बसल्याबसल्या ते म्हणाले, ‘हे बरं केलंस, मैदान दिसतंय सगळं.’ मग दोन कुस्त्या पाहून, ‘कुस्ती कमी आणि मुहूर्तच जास्त आहे रे.’ आखाडा बांधताना मध्यभागी मीठ, तांदूळ, सुकं माकूल (स्क्विड), समुद्री शेवाळ पुरतात म्हटल्यावर मात्र ते गप्प झाले. आपल्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालतात ते आठवलं असणार.

वरचा आणखी एक फायदा आईमुळे कळला. भोवती छताखाली विजेत्यांची 32 प्रचंड चित्रं टांगलेली असतात, माणसाहून कितीतरी उंच. खाली बसलेला माणूस ती बघायला विसरतो. आईने दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात एकेक करून सगळी पाहिली. आणि तिला तीन वेळा उठावं लागलं, पण खणासारखे काढून ठेवलेले बूट एकदाही कुणाला शोधावे लागले नाहीत.

जवळून बघण्याची हौस वेगळी भागवता येते. दुपारी दोन-अडीचच्या आसपास दाराशी उभं राहा. युकाता, म्हणजे सुती किमोनो, घातलेले पैलवान चालत आत येतात, अगदी हाताच्या अंतरावरून. फक्त योकोझुना आणि त्यांच्या खालोखालचे ओझेकी गाडीने थेट आत जातात. पोरांना खणातल्या चार तासांपेक्षा ही दहा मिनिटं जास्त आठवतात, हा आमच्या घरचा अनुभव.

पैशांचं गणित थोडक्यात. खण माणशी स्वस्त खुर्चीपेक्षा बराच महाग पडतो आणि बहुधा अख्खाच घ्यावा लागतो. तिघं असाल तर चौथ्याचे पैसे जातात, पण खरं सांगू, चार जणांच्या खणात तिघंच बसणं हाच तो सुखाचा मार्ग आहे. दोघांचे खणही थोडे असतात. तरुण जोडपं असेल, गुडघे धड असतील, तर तो मिळाल्यास मी नाही म्हणणार नाही. खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. तळघरातली याकितोरी (काडीवर भाजलेले तुकडे) आणि चान्को (पैलवानांचा रस्सा) कोंबडीची. कोंबडी दोन पायांवर उभी राहते, चारी पाय टेकून हरत नाही, म्हणून पैलवानांना ती शुभ. शाकाहारी माणसाने बाहेर पोट भरूनच आत यावं.

तिकिटं साधारण महिनाभर आधी सुटतात आणि शनिवार-रविवारची बघता बघता जातात. वर घेणार असाल तर शोमेन म्हणजे समोरच्या बाजूची बघा, योकोझुना आखाड्यावर येऊन पाय उचलतो तो त्याच बाजूला तोंड करून. भावाला मी यंदा मेसाठी सांगून ठेवलंय: सहा खुर्च्या, एका रांगेत. धाकटी अजून खणासाठी हट्ट धरून आहे, तिला त्या तेलाचा वास हवाय.