लंडनचा शिक्का की मनिलाचा? स्पॅनिश डॉलर जमवू पाहणाऱ्यासाठी

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात आठ रेआलचे (रेआल हे स्पेनचे जुने चलन) चांदीचे नाणे, म्हणजेच स्पॅनिश डॉलर, अर्ध्या जगात चालत असे. परक्या टाकसाळीचे हे नाणे आपल्या मुलखात अधिकृतपणे चालवायचे, तर ते वितळवून नवे पाडण्यापेक्षा त्यावर आपला लहानसा शिक्का उमटवणे सोपे आणि कमी खर्चाचे पडे. अशा नाण्यांचा संग्रह सुरू करताना बहुतेकांची निवड शेवटी दोन शिक्क्यांपाशी येऊन ठेपते: एक बँक ऑफ इंग्लंडचा आणि दुसरा स्पॅनिश फिलिपिन्सचा, म्हणजे मनिलाचा. माझे मत आधीच सांगतो: पहिले नाणे मनिलाचे घ्यावे. त्याची कारणे या शिक्क्यांच्या जन्मकथेतच आहेत.

फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैन्याची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली आणि लोकांनी सोन्यासाठी बँकांकडे धाव घेतली. त्यामुळे बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवावे लागले. सुट्या चांदीची टंचाई भागवण्यासाठी बँकेने आपल्याकडचे स्पॅनिश डॉलर बाहेर काढले आणि स्पेनच्या राजाच्या मानेवर इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचे लंबगोलातले इवलेसे मस्तक उमटवून ते चार शिलिंग नऊ पेन्स किमतीला चालवले. हा ठसा नवा कोरलेला नव्हता. चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून जो वापरला जात असे, तोच इथे कामी आला. नाण्याची चालती किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त असल्यामुळे साध्या डॉलरवर खोटा ठसा मारला तरी नफा होई, आणि तसे खोटे ठसे लगेच मारलेही गेले. म्हणून १८०४ मध्ये मोठा अष्टकोनी शिक्का आला. तोही काही महिनेच टिकला आणि त्याच वर्षी बँकेने डॉलरवर संपूर्ण नवा छाप पाडून पाच शिलिंगांचे नाणे काढले. थोडक्यात, लंडनचा शिक्का ज्या काळात चालत होता त्याच काळात खोटा होत होता, आणि आज संग्राहकांना विकण्यासाठी केलेल्या नकला त्यात आणखी मिसळल्या आहेत. इतक्या लहान खुणेची नक्कल करायला फारसे कौशल्य लागत नाही.

मनिलाची अडचण टंचाईची नव्हती, अपमानाची होती. मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया ही राज्ये स्पेनपासून सुटली आणि त्यांच्या नाण्यांवर राजाच्या जागी स्वातंत्र्याची टोपी, उभी स्वातंत्र्यदेवता, स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार दिसू लागले. व्यापारातून हीच नाणी फिलिपिन्समध्ये येत. चांदी हवी होती, पण बंडखोरांची घोषणा नको होती. म्हणून १८२८ पासून अख्ख्या नाण्यावर ‘राजाने चालवण्यास मान्य केलेले’ अशा अर्थाचा मजकूर असलेला मोठा छाप मारला जाऊ लागला. कठीण चांदीवर इतका मोठा छाप मारताना साचे फुटत, त्यामुळे १८३२ मध्ये लहान गोल शिक्का आला: वर मुकुट, खाली स्पेनचा राजा फर्नांडो सातवा यासाठी एफ हे अक्षर आणि सातचा आकडा. फर्नांडो १८३३ मध्ये वारला. त्यानंतर १८३४ पासून राणी इसाबेल दुसरीसाठी वाय हे अक्षर आणि रोमन दोन आले, कारण तेव्हा तिचे नाव वायने लिहीत. स्पेनने जुन्या वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य करायला सुरुवात केल्यावर १८३७ मध्ये शिक्क्याची गरजच उरली नाही.

नव्या संग्राहकाला मनिलाच्या नाण्याचा मोठा आधार वाटतो तो इथेच. मूळ नाण्यावर साल आणि टाकसाळीची खूण असते आणि लहान गोल शिक्क्याची मुदत जेमतेम पाच वर्षांची आहे, त्यामुळे १८३७ नंतरच्या सालाच्या नाण्यावर हा शिक्का दिसला तर पुढे तपासायची गरजच नाही. लंडनच्या नाण्यातही १८०४ नंतरचे साल म्हणजे खोटा शिक्का हे खरे, पण तिथे खोटे ठसे बहुधा योग्य सालाच्या अस्सल डॉलरवरच मारलेले असतात, आणि साल काहीच सांगत नाही. नकला मनिलाच्याही आहेत. फरक इतकाच की तिथे पारख करणाऱ्याच्या हाती एक धागा जास्त असतो. शिवाय एकाच नाण्यावर प्रजासत्ताकाची घोषणा आणि तिच्यावर बसवलेला राजमुकुट असा झगडा समोरासमोर दिसतो, तो मला लंडनच्या नाण्यात सापडत नाही. इंग्लंडच्या इतिहासाचीच ओढ असेल आणि जाणकाराकडून तपासून घेण्याची तयारी असेल, तर लंबगोलापेक्षा अष्टकोनी शिक्का निवडावा.

कोणत्याही बाजूने निर्णय झाला तरी पैसे शिक्क्याचे मोजायचे आहेत, नाण्याच्या झळाळीचे नाहीत. मूळ नाणे झिजलेले आणि शिक्का स्पष्ट असेल तर ते चालेल; चकचकीत नाण्यावर पुसट शिक्का असेल तर घेऊ नये. घासून उजळलेले नाणे तर दोन्ही दृष्टींनी वाया गेलेले असते.

चिनी व्यापाऱ्यांनी चांदी पारखून उमटवलेल्या खुणांची नाणी पुष्कळ मिळतात, पण त्या खाजगी आहेत, त्यांच्यामागे राज्याचा हुकूम नाही. तिकडच्या बंदरांत हे काम करणाऱ्या पारख्याला इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत, तो आपल्या सराफाचाच सख्खा भाऊ. न्यू साउथ वेल्सच्या १८१३ सालच्या भोक पाडलेल्या डॉलरचा विचार तूर्त सोडूनच द्यावा. चाळीस हजार डॉलरांतून घडवलेल्या त्या नाण्यांपैकी आज सुमारे तीनशेच उरली आहेत आणि नकला मात्र भरपूर आहेत.

विकणाऱ्याकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे शिक्क्याच्या नेमक्या मागच्या बाजूचे, तिरक्या उजेडात काढलेले छायाचित्र. हातोड्याच्या घावाने समोर शिक्का उमटतो तेव्हा मागची नक्षी त्याच जागी चेपून सपाट होते, कधी एखादे अक्षरच दबून जाते. मागची बाजू अगदी जशीच्या तशी असेल तर शंका घ्यावी. नाणे हाती आल्यावर वजन करावे. पुरे वजन सुमारे २७ ग्रॅम असते आणि झिजेने थोडे कमी भरते. मग ते दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून पुन्हा तोलावे. अस्सल चांदीच्या २७ ग्रॅमच्या नाण्याचे वजन पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने घटते. घट ३ ग्रॅमच्या घरात गेली तर आत तांबे आहे असे समजून नाणे परत करावे.