स्कॅनर घ्यायचा की माणसाचा वेळ द्यायचा?

इंदूरला विजय नगरात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. ओपन सोर्स लायब्ररींच्या, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या तयार कोडच्या, सुरक्षेसाठी यंदा पैसे बेताचेच, म्हणून दोन पर्याय ताडून पाहिले: लायब्ररींतल्या त्रुटी आपोआप शोधणारा स्कॅनर प्रोग्राम, किंवा त्यांवर नजर ठेवायला माणसाचा वेळ.

स्कॅनर झटपट काम करतो. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j) या, प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी उघडी पडली, तेव्हा दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटात दडलेली जुनी आवृत्ती हाताने हुडकणं जिकिरीचं होतं; स्कॅनर ती मिनिटांत दाखवतो. पण त्याला मुख्यतः नोंद झालेल्याच त्रुटी कळतात.

2024 चं एक्सझेड (XZ) या, फायली लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचं प्रकरण बघा. एकट्याने, थकून काम ओढणाऱ्या मेंटेनरचा (कोड सांभाळणाऱ्याचा) विश्वास एका 'मदतनीसा'ने दोनेक वर्षांत कमावला आणि 5.6.0 आवृत्तीत चोरवाट बसवली. घातक भाग टेस्ट फायलींत लपवलेला. कुठल्याच यादीत त्याची नोंद नव्हती. एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरणं) अर्धा सेकंद रेंगाळतंय हे आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला खटकलं, ते मुळाशी गेले, म्हणून ती सापडली. केवढा हा चिवटपणा!

माझा कौल माणसाला. मोफत स्कॅनर मिळतात, ते लावूच. पैसे मात्र आमच्यातल्या एकीला आठवड्यातला एक दिवस मोकळा करून देण्यात घालावेत: आपण वापरतो त्या लायब्ररींतले बदल वाचायला आणि दुरुस्त्या मेंटेनरकडे पाठवायला.