जवळपणाचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवणारा साताऱ्यातील एक वर्ग

पोवई नाका परिसरातील एका इंग्रजी संभाषण वर्गाने नोकरदारांसाठी शनिवार-रविवारचा वाक्प्रचारांचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्यातील जवळपणा सांगणाऱ्या वाक्प्रचारांचा भाग मला सर्वांत उपयुक्त वाटला. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही.

शिकवण्याची पद्धत चांगली आहे. ‘ॲज द क्रो फ्लाइज’ समजावताना सरांनी खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवले. कावळ्याच्या वाटेने किल्ला अगदी डोक्यावर आहे, पण गाडीने जायचे तर वळणे घेत चढावे लागते; म्हणून पाहुण्याला या वाक्प्रचारात अंतर सांगितले, तर रस्त्याने किती पडेल हेही लगेच सांगितले पाहिजे, असे त्यांनी बजावले. ‘अ स्टोन्स थ्रो’ला असे कोणतेच मोजमाप नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही धोंडा फेकण्याइतके अंतर असा उल्लेख येतो, इतकी ही कल्पना जुनी आहे. मात्र फ्लॅटच्या जाहिरातींनी तिचा पार चोथा केला आहे, हे माझे मत. आपल्या ‘हाकेच्या अंतरावर’चा सख्खा भाऊ शोभेल असा ऑस्ट्रेलियातील ‘विदिन कूई’ मला इथेच प्रथम कळला. तेथील मूळ रहिवाशांच्या ‘कूई’ या लांबवर जाणाऱ्या हाकेवरून तो आला आहे.

खरा कस लागतो तो थोडक्यात निभावल्याच्या वाक्प्रचारांत. एका ताईंनी मुलाची गुणवत्ता यादी एका गुणाने हुकल्याचे सांगताना ‘क्लोज शेव्ह’ म्हटले, तेव्हा सरांनी तिथेच थांबवून संकट टळले तरच हा शब्द चालतो, संधी हुकली तर नाही, हे स्पष्ट केले. हुकलेल्या संधीसाठी ‘क्लोज, बट नो सिगार’ आहे. जुन्या अमेरिकी जत्रांतील खेळांत सिगार बक्षीस मिळे, असे त्याचे मूळ सांगितले जाते. विमाने एकमेकांच्या धोकादायक जवळून जाऊनही टक्कर झाली नाही, तर ‘निअर मिस’ म्हणतात. ‘नेक अँड नेक’ (अगदी बरोबरीची चुरस) हा घोड्यांच्या शर्यतीतला शब्द निवडणुकीच्या बातम्यांमुळे सर्वांच्या कानावरचा असल्याने तो चटकन उरकला, ते योग्यच झाले.

छापील पुस्तिका मात्र निराश करते. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत अर्थापलीकडे काहीही नाही. कार्यालयीन पत्रात काय चालेल आणि मित्रांच्या गप्पांतच काय शोभेल, याचा त्यात पत्ताच नाही. थुंकण्याच्या अंतरावरून आलेला ‘विदिन स्पिटिंग डिस्टन्स’ आणि साधा ‘क्लोज ॲट हँड’ शेजारी शेजारी छापले आहेत; घरी बसून केवळ पुस्तिका वाचणाऱ्याने पहिला ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये घातला, तर दोष त्याला कसा द्यावा? शिवाय उच्चारांच्या ध्वनिफिती इतक्या क्षीण आवाजात वाजतात की ‘विदिन इअरशॉट’ (ऐकू येईल इतक्या अंतरावर) हा शब्दच मागच्या बाकापर्यंत पोहोचला नाही.

बँकेत, विमा कार्यालयात किंवा पर्यटकांशी रोज इंग्रजी बोलावे लागणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा, मात्र पुढचा बाक धरावा आणि कोणता वाक्प्रचार कुठे वापरायचा, हे सरांना विचारून पुस्तिकेच्या समासात स्वतः लिहून घ्यावे.