जुना बी३५० बोर्ड न बदलता: रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या अकोल्याच्या घरातला गेमिंग पीसी २०१७ सालचा. रायझन ५ १६००, बी३५० चिपसेटचा (बोर्डाचे भाग जोडणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि ४५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा पॉवर सप्लाय. जानेवारी २०२५ मध्ये त्यातल्या दोनच गोष्टी बदलल्या, प्रोसेसर (आता रायझन ५ ५६००) आणि ग्राफिक्स कार्ड (आता आरएक्स ६६००). दोन्ही मिळून साधारण तीस हजार लागले, जुने भाग विकून त्यातले थोडे परतही आले. आता उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं त्यावर काढून झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुकानात सरसकट एकच सल्ला मिळत होता: बोर्ड जुना झालाय, सगळंच नवीन घ्या. नवीन म्हणजे एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड, डीडीआर५ रॅम, नवा प्रोसेसर. एवढ्यातच सगळे पैसे संपले असते आणि कार्ड जुनंच राहिलं असतं. माझ्या बोर्डाच्या जुन्या एएम४ सॉकेटची खरी किंमत इथे कळते. २०२२ मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडीने ३०० मालिकेच्या (बी३५० त्यातलाच) चिपसेटवरही रायझन ५००० मालिका (५६०० त्यातलाच) चालवायची परवानगी दिली आणि बोर्ड कंपन्यांनी त्यासाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) काढले. आपल्या बोर्डाच्या सपोर्ट पानावर प्रोसेसरच्या यादीत ५६०० दिसतोय का, समोर बायोसची कोणती आवृत्ती लिहिलीय, हे बघूनच पैसे काढा. आणि बायोस आधी टाकायचा, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि बायोस अर्ध्यात अडकला तर बोर्ड मेलाच समजा.

प्रोसेसर काढताना एक गोष्ट मनापासून सांगतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. वर्षानुवर्षं सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर बाहेर येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी आधी अर्धा तास एखादा गेम चालवून पेस्ट गरम होऊ दिली, मग पीसी बंद करून चारही स्क्रू सोडवले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत राहिलो. थोड्या वेळाने तो सैल झाल्याचं हाताला कळतं. मगच उचलायचा.

५६०० बरोबर मिळणारा स्टेल्थ कूलर लहान आहे. १६०० बरोबर आलेला स्पायर जास्त उंच आणि जड, बसवायची पद्धत तीच, म्हणून नवी पेस्ट लावून तोच परत बसवला. विदर्भातल्या मे महिन्यात हा निर्णय फार उपयोगी पडला. दुपारी खोलीत एअर कूलरची हवा नसेल तर प्रोसेसर ऐंशीच्या घरात जातो, पण त्याच्या ९० अंशांच्या मर्यादेखालीच राहतो. ज्यांच्याकडे उकाडा जास्त त्यांनी बायोसमध्ये ४५ वॉटचा इको मोड (प्रोसेसरची वीज मर्यादित ठेवणारी सेटिंग) लावून बघावा. गेममध्ये फरक जेमतेम जाणवतो, पंख्याचा आवाज मात्र बराच उतरतो.

रॅम घ्यावीच लागली नाही. माझ्या रॅमवर ३२०० हा वेग लिहिलाय, पण रायझन १६०० ची अधिकृत मर्यादा २६६६ ची, त्यामुळे इतकी वर्षं ती तेवढ्यावरच धावत होती. ५६०० वर एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं आणि तीच रॅम पहिल्याच फटक्यात ३२०० वर स्थिर झाली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव ज्या वेगाने चढले ते बघता, हातात डीडीआर४ असेल तर ती विकायची घाई करू नका.

पॉवर सप्लायही तोच. १०६० ला १२० वॉट लागायचे, ६६०० ला १३२, आणि प्रोसेसर दोन्ही ६५ वॉटचेच. फक्त १०६० ला सहा पिनांची केबल पुरायची, ६६०० ला आठ लागतात. माझ्या केबलच्या टोकाला जास्तीच्या दोन पिना लोंबत होत्या, त्या जोडून घेतल्या.

आता खेळण्याबद्दल. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढला हे खरंच, पण मला जास्त मोल आहे ते अडखळणं थांबल्याचं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर, आग आणि चार-पाच जण एकदम समोर आले की जुना पीसी नेमका तिथेच गचके द्यायचा. हे काम प्रोसेसरचं, नुसतं कार्ड बदलून ते गेलं नसतं. सायबरपंक २०७७ मध्ये १०८०पी वर हाय सेटिंगला, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं जड तंत्र) बंद ठेवून, साठच्या आसपास निवांत चालतं. हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचं असलेले डूम: द डार्क एजेससारखे गेम १०६० वर चालतच नाहीत, इथे निदान चालतात.

आणखी एक फायदा झाला. माझा मॉनिटर स्वस्तातला, ७५ हर्ट्झचा, मागे फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए. त्याचं फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग एफपीएसशी जुळवणारी सोय) १०६० वर कधीच चाललं नाही, कारण त्या कार्डाला त्यासाठी डिस्प्लेपोर्ट लागतो. ६६०० ने तेच एचडीएमआयवरून चालू केलं. एफपीएस पन्नास-साठमध्ये वरखाली झाला तरी चित्र फाटत नाही. नवीन मॉनिटरचा विचार तेव्हाच सोडला.

उणिवा आहेत. हे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं आणि बी३५० वर पीसीआयई ३.० च (या जोडणीची जुनी, हळू पिढी) मिळतं. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की त्याचा फटका लगेच दिसतो, म्हणून नव्या गेममध्ये टेक्स्चर एक पायरी खाली ठेवतो. १०८०पी वर एफएसआर (लहान चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं एएमडीचं तंत्र) लावलं की गवत आणि जाळ्या चमचमतात, मला ते डोळ्यांना खुपतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कुडावर (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारं तंत्र) काम करणाऱ्यांनी हे कार्ड घेऊ नये. ड्रायव्हरही लक्षात घ्या: १०६० ला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, आणि एएमडीनेही त्याच सुमारास ६००० मालिकेची कार्डं ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखेत टाकली. आज खेळण्यात काही बिघडलेलं नाही, पण आता नव्याने घेणाऱ्याने या मुद्द्यावर भाव पाडून मागावा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १६०० विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत नव्हता, ५६०० आहे. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलीच सुरक्षेची सोय) चालू केलं, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीवरून जीपीटी या नव्या मांडणीवर नेऊन सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) लावलं, आणि व्हॅलोरंट हा गेमसुद्धा कुरकुर न करता उघडला. एफटीपीएममुळे अधूनमधून गचके बसायचे ती जुनी तक्रार २०२२ च्या बायोसमध्ये दूर झालीय, आणि ५६०० साठी माझ्या बोर्डावर टाकलेला बायोस त्यानंतरचाच आहे.