होस्टेलवर थांबायचं की गावी जायचं? पुणे, मार्च 2020

9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण सापडले आणि आठवड्याभरात कॉलेजं बंद झाली. होस्टेलच्या पोरांपुढे दोनच वाटा.

गावी जाणं स्वस्त, शिवाय आईच्या हातचं जेवण. पण स्वारगेटहून एसटीत पाच-सहा तास खेटून बसायचं आणि उतरायचं ते साठीपुढच्या आजी-आजोबांच्या घरात. लक्षणं दिसायला चौदा दिवसही लागू शकतात, म्हणजे ठणठणीत दिसणारा पोरगाच रोग घरी नेणार. म्हणून गेलात तर माडीवरची खोली, ताट-तांब्या वेगळा, चौदा दिवस. (आजी ऐकते होय! ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच.)

थांबणं त्या मानाने बरं, पण खोलीत एकटेच असाल तरच. तिघांची खोली, मजल्याला एक बाथरूम, मेसला कुलूप. तिथे कसलं अंतर पाळता?

मी म्हणेन, गावीच. पण 22 मार्चच्या आत. त्या रात्रीपासून प्रवासी रेल्वे थांबली, 25 पासून सगळंच. अडकलेल्यांना घरी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या थेट 1 मेला. तोवर मागे राहिलेले किटलीत मॅगी शिजवत होते.