टायमिंग बेल्ट बदलून अकरा महिने झाले, त्याची ही नोंद

आठ वर्षे जुन्या आणि ७९,००० किलोमीटर धावलेल्या माझ्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एकमेकांशी ताळमेळ राखून फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, मी अकरा महिन्यांपूर्वी बदलून घेतला. त्यानंतर गाडी सुमारे १३,००० किलोमीटर चालली आहे. बेल्ट बदलल्यावर काय फरक पडला यापेक्षा तो कधी बदलायचा हे ठरवताना मी कुठे चुकत होतो, हे लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. कारण हा भाग नीट काम करत असला की त्याचा अनुभव असा काही येतच नाही.

गाडीच्या पुस्तिकेत बेल्ट बदलण्याची मुदत १,००,००० किलोमीटर किंवा ६ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, असे स्पष्ट छापले होते. हे वाक्य मी अनेकदा वाचले आणि दर वेळी त्यातला पहिला आकडा तेवढा लक्षात ठेवला. गाडी मी पाच वर्षे वापरलेली घेतली होती. आधीच्या मालकाकडून मिळालेल्या सर्व्हिसच्या नोंदींत बेल्टचा उल्लेख नव्हता, आणि बेल्ट बदलल्यावर मेकॅनिक तारीख व किलोमीटर लिहून इंजिनजवळ जी चिठ्ठी चिकटवतात तीही कुठे दिसली नाही. अशा वेळी बेल्ट कारखान्यातून आलेला मूळचाच आहे असे धरून चालायला हवे होते, म्हणजे गाडी माझ्याकडे आल्यानंतर वर्षभरातच त्याची मुदत संपणार होती. मी मात्र किलोमीटरकडे बघत आणखी दोन वर्षे काढली.

मध्येच एकदा शंका आली म्हणून बेल्टवरचे प्लॅस्टिकचे वरचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले. बेल्ट काळा, स्वच्छ, कडा शाबूत आणि कुठेही भेग नाही. मी निश्चिंत होऊन झाकण परत बसवले. ही माझी सर्वांत मोठी चूक होती, कारण झाकण काढल्यावर दिसते ती बेल्टची सपाट पाठ. झिजतात ते दात आतल्या बाजूला पुलीवर बसलेले असतात आणि बेल्टला ताकद देणारे काचतंतूंचे दोर तर रबराच्या पोटात असतात. पूर्वीच्या निओप्रीन या कृत्रिम रबराच्या बेल्टला वयानुसार पाठीवर भेगा तरी पडत. आजच्या अधिक टिकाऊ रबराचा बेल्ट तुटण्याच्या बेतात आला तरी वरून धडधाकट दिसू शकतो. डोळ्यांनी पाहून बेल्ट खराब ठरवता येतो, पण चांगला ठरवता येत नाही.

पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून गती घेऊन हा बेल्ट व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक. या हिशेबात एखाद-दुसऱ्या दाताची चूक झाली तरी व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, चुकीच्या क्षणी उघडतात. काही इंजिनांत पिस्टन अगदी वर आला तरी उघड्या व्हॉल्व्हला लागत नाही, आणि तिथे बेल्ट तुटला तर गाडी जागीच बंद पडते, ओढून न्यावी लागते आणि नवा बेल्ट बसवून बहुधा पुन्हा चालू होते. इतर बहुसंख्य इंजिनांत मात्र दोघांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. तिथे बेल्ट गेला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, खोलल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. डिझेल इंजिनात दाब जास्त हवा म्हणून पिस्टनच्या डोक्यावर जागाच फार थोडी सोडलेली असते. आपले इंजिन यांपैकी कोणते, हा प्रश्न मी मुदतीच्या आधी विचारायला हवा होता. तो विचारला असता तर दोन वर्षांची चालढकल केली नसती.

माझे मत शेवटी बदलले ते एका साध्या गणिताने. गाडीच्या पडद्यावर मी गाडी घेतल्यापासूनचा सरासरी वेग ताशी १९ किलोमीटर दिसत होता. त्या काळात गाडी २७,००० किलोमीटर चालली, म्हणजे इंजिन सुमारे १,४२० तास चालले. ताशी ६० च्या सरासरीने मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ४५० तास लागले असते. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर तासाला ४८,००० फेरे होतात आणि किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. बेल्टला रस्ता माहीत नसतो, त्याला फेरे आणि उष्णता एवढेच कळते. गर्दीत चालणारी गाडी कमी धावली म्हणून तिचा बेल्ट तरुण आहे, हे मनाचे समाधान झाले. शिवाय गाडी नुसती उभी असली तरी रबराचे वय वाढतच असते; पुस्तिकेत वर्षांची अट वेगळी दिलेली असते ती त्यासाठीच.

काम करून घेताना मी समोर उभा होतो. जुना बेल्ट हातात आल्यावर मेकॅनिकने तो दात बाहेर येतील असा उलटा वाकवला, आणि मी निर्दोष ठरवलेल्या त्याच बेल्टच्या दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा एकापाठोपाठ एक उघडल्या. बेल्ट सरळ केला की त्या मिटून जात. पण त्याहून वाईट अवस्था आयडलर पुलीची, म्हणजे बेल्टला वाट दाखवणाऱ्या मोकळ्या चाकाची, होती. बोटाने फिरवल्यावर ती वाळूवरून चालल्यासारखी खरखरत होती, आणि सैल सोडली तर बेअरिंगमधले ग्रीस आटल्यामुळे बराच वेळ मोकाट फिरत राहत होती. इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खाली ते झिरपून वाळल्याचा गुलाबी ओघळ होता. माझ्या गाडीत पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट नवा आणि पंप जुना ठेवला असता तर पंप जाम झाल्यावर नवा बेल्टही त्याच्याबरोबर गेला असता. केवळ बेल्ट बदलून पैसे वाचवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, आयडलर आणि पंप असे पूर्ण किट घेण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. कामातला बहुतेक वेळ खोलण्यात आणि जोडण्यात जातो, आणि तो दोन्ही वेळा सारखाच लागतो.

बसवून झाल्यावर इंजिन लगेच चालू न करता पान्याने क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला आणि दोन्ही शाफ्टच्या पुलींवरच्या जुळणीच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिले. ही पायरी कोणी गाळत असेल तर त्याला थांबवावे.

पहिले काही दिवस अगदी सुरळीत गेले नाहीत. थंड इंजिन सुरू केल्यावर बारीक, उंच सुराची घरघर येत असे. वेग वाढवला की सूर वर जाई आणि इंजिन तापल्यावरही पूर्ण थांबत नसे. नवा बेल्ट आहे, बसेल हळूहळू, असे मला सांगण्यात आले. आठवडाभर थांबून मी झाकण पुन्हा उघडायला लावले, तेव्हा टेन्शनरचा काटा खुणेच्या पुढे गेलेला निघाला, म्हणजे बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणलेला होता. असा ताण पंपाचे आणि पुलींचे बेअरिंग वेळेआधी खातो. काटा खुणेवर आणल्यावर आवाज गेला तो आजतागायत आलेला नाही. पंप बदलल्यामुळे कूलंटमध्ये हवाही अडकली होती. दुसऱ्याच दिवशी तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला. हवा काढून कूलंट भरल्यावर पहिले दोन आठवडे मी रोज सकाळी टाकीतली पातळी पाहत होतो. ती दोनदा थोडी उतरली, मग स्थिरावली.

गाडीची ओढ किंवा मायलेज यांत मला काहीही फरक आढळला नाही. जुना बेल्ट एखादा दात सरकलेला असेल तरच तो फरक दिसतो. एरवी बेल्ट बदलल्यावर गाडी पळू लागते, असे सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. आयडलरची खरखर गेल्यामुळे इंजिनाचा आवाज किंचित स्वच्छ झाला, इतकेच.

१९६२ मध्ये ग्लास १००४ या लहानशा जर्मन गाडीतून दातेरी रबरी पट्टा मोठ्या उत्पादनातल्या इंजिनात आला, तो साखळीपेक्षा हलका, शांत आणि वंगण न मागणारा म्हणून. पुढे काही इंजिनांत हा पट्टा तेलातच फिरू लागला, आणि तिथे चुकीच्या दर्जाचे किंवा वेळेवर न बदललेले तेल रबर सोलून काढते आणि ते तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात. माझा बेल्ट कोरडा आहे. त्याच्यासाठी तेल हा शत्रूच. म्हणून दर सर्व्हिसला कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टच्या सीलजवळ, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कड्यांजवळ, तेलाचा ओलावा आहे का, एवढे मी आता आवर्जून पाहायला लावतो. अजून तरी दोन्ही जागा कोरड्या आहेत.

बॉनेटखाली आता चिठ्ठी आहे. तिच्यावर तारीख आणि ७९,००० हा आकडा मेकॅनिकने लिहिला. शेजारी मी स्वतः, सरासरी वेग पाहून, पुढच्या बदलाचे वर्ष लिहिले आहे, ते पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा एक वर्ष अलीकडचे. पुढच्या बदलाच्या किलोमीटरची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे.