रिस्ट स्ट्रॅप की अँटिस्टॅटिक मॅट?

घरच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचे किट जोडताना मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि आयसी (चिप) स्थिर विद्युतेपासून वाचवायचे, तर मनगटाला रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे वायरीने अर्थिंगला जोडलेला पट्टा, बांधावा की टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट, म्हणजे चार्ज अर्थिंगकडे वाहून नेणारी चटई, अंथरावी, हा प्रश्न सोलापुरात होळीनंतर अधिकच निकडीचा होतो. त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की पॉलिस्टरचा शर्ट काढताना तडतड ऐकू येते. बोटाला चटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३००० व्होल्ट साठलेले असतात. नाजूक मॉस्फेटचे गेट (त्याचे नियंत्रण करणारे टोक) मात्र काहीशे व्होल्टमध्येच, आपल्याला काही न जाणवता, निकामी होऊ शकते.

नियमाने पाहिले तर स्ट्रॅप सरस आहे. तो स्वस्त आहे आणि अंगावरचा चार्ज सतत वाहून नेतो. त्याच्या वायरीतला १ मेगाओहमचा रेझिस्टर आपल्यासाठी असतो: चुकून २३० व्होल्टला हात लागला, तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. बिनवायरीचे स्ट्रॅप मात्र घेऊ नयेत, कारण चार्जला जमिनीपर्यंत जायला त्यांत वाटच नसते.

माझे मन स्ट्रॅपवरून उडाले ते उठबशीमुळे. काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी आले की हातातले काम टाकून उठावे लागते, म्हणजे स्ट्रॅप सोडायचा, पाणी भरायचे, ओले हात पुसून तो पुन्हा बांधायचा. आणि घाईत तो बांधायचा राहिला, तर तसे जाणवतही नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठतानाच चार्ज सर्वाधिक तयार होतो, आणि स्ट्रॅप हातातून निघतो तोही नेमका त्याच वेळी.

मॅट जागच्या जागी असते. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून उघडे हात तिच्यावर टेकवले की अंगावरचा चार्ज वरच्या थरातून सावकाश निचरतो, आणि पीसीबी (सर्किटचा बोर्ड) हाही त्याच पातळीवर राहतो. हात उचलला की हे संरक्षण तुटते, ही तिची उणीव मान्य करावी लागेल. शिवाय ती महाग आहे, आणि पॉलिशच्या फडक्याने पुसली तर वर थर बसून तिचा उपयोग कमी होतो. ओलसर सुती फडके पुरते.

अर्थिंग दोहोंनाही हवे. जुन्या वाड्यांतील दोन पिनांच्या सॉकेटवर यांपैकी काहीच चालणार नाही, तेव्हा आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात इथली जमीन वाळून अर्थिंग कमजोर होते. शॉकपासून बचावासाठी ती गोष्ट गंभीरच आहे. स्थिर विद्युतेचा निचरा मात्र तेवढ्यावरही होतो, कारण वाटेत मेगाओहमचा रेझिस्टर मुद्दाम घातलेलाच असतो, आणि त्यापुढे वाळलेल्या जमिनीचा अडथळा किरकोळच ठरतो.

ज्यांना दुसऱ्यांच्या घरी जाऊन दुरुस्ती करायची असते, त्यांना कदाचित स्ट्रॅपच सोयीचा पडेल. घरी एकाच टेबलावर बसणाऱ्याने मात्र, माझ्या मते, आधी मॅट घ्यावी, आणि ती स्ट्रॅप अडकवायचे बटण असलेलीच पाहून घ्यावी, म्हणजे मॉस्फेट बसवण्यापुरता स्ट्रॅपही तिलाच जोडता येतो.